बायोप्सीविना निदान आणि औषधाआधीची प्रतीक्षा

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पायांवर दोन महिन्यांपासून सूज असून लघवीला फेस येतो. छत्रपती संभाजीनगरच्या किडनीतज्ज्ञांनी ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ असे निदान केले. मात्र ‘पीएलए२आर’ ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आल्याने बायोप्सी केली नाही आणि सूज व रक्तदाबाच्या गोळ्या देऊन तीन महिने वाट पाहण्यास सांगितले. भावकीतले लोक भस्म घ्या म्हणतात. उपचारांत हयगय तर होत नाही ना?
— एक वाचक, परळी (जि. बीड)

उत्तर : हयगय होत नाही. या आजारात प्रतिकारशक्ती किडनीच्या गाळणीतील पेशींविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. बहुसंख्य रुग्णांत या प्रतिपिंडांचे लक्ष्य पीएलए२आर हे प्रथिन असते, हे बोस्टनमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. तोवर सुईने किडनीचा तुकडा काढल्याखेरीज निदान होत नसे. आता किडनीचे काम चांगले असेल आणि ही प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सी बहुधा टाळता येते.

थांबण्यालाही कारण आहे. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा आजार आपोआप ओसरतो, तर प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून मधल्या काळात प्रतिपिंडे पुन्हा मोजतात. ती आधी घटतात आणि लघवीतील प्रथिने त्यानंतर काही महिन्यांनी कमी होतात. प्रतिपिंडे घटली नाहीत, तर पुढचे औषध ठरते. स्टेरॉइड व सायक्लोफॉस्फामाइड सहा महिने आलटून पालटून देण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. सलाइनमधून दिले जाणारे रिटुक्सिमॅब हा नवा पर्याय असून, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर ६० टक्के रुग्णांचा आजार त्याने आटोक्यात राहिला, सायक्लोस्पोरिन या दुसऱ्या औषधाने मात्र २० टक्क्यांचाच.

भस्म मात्र देऊ नका, ही कळकळीची विनंती. पारा असलेल्या पारंपरिक औषधांमुळे याच आजाराचा एक प्रकार होतो, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे आणि ती औषधे बंद केल्यावर त्यातील बरेच रुग्ण सुधारले. वडिलांनी पूर्वी असे काही घेतले असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

रक्तातील प्रथिने कमी झाल्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एकाच पायाला अचानक सूज व वेदना जाणवल्यास किंवा धाप लागल्यास तीन महिन्यांची तारीख न पाहता त्याच दिवशी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या.