नवा म्हणून जुना फुल फ्रेम कॅमेरा विकला, वर म्हणतो तू ग्राहकच नाहीस

विट्याच्या एका फोटोग्राफर दादांनी प्रश्न पाठवलाय, थोडक्यात असा. आठ वर्षं क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लग्नं मारली, आता पार्ट्या मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेमच मागतात, हॉलमधल्या कमी लाइटमध्ये जुन्या बॉडीचे फोटो दाणेदार येतात, म्हणून फेब्रुवारीत मुंबईला फोर्टमधल्या एका दुकानातून फुल फ्रेम मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली. ठरले १ लाख ६५ हजार. त्यात जुनी बॉडी आणि दोन लेन्स एक्स्चेंजमध्ये ४० हजाराला दिल्या, ७५ हजार यूपीआयने आणि ५० हजार रोख. दोन महिन्यांत एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी शटर अडकलं ते अडकलंच. मित्राने फाइली तपासल्या तर दुकानाच्या काउंटरवर मारलेल्या पहिल्या टेस्ट फोटोतच शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने तोवर मारलेल्या क्लिकचा आकडा, ४६ हजाराच्या वर! सर्व्हिस सेंटरवाले तोंडी म्हणाले की हा पीस भारतातला नाही, वॉरंटी मिळणार नाही. दुकानदार म्हणतो माल परत घेत नाही, आणि तू धंद्यासाठी घेतलायस म्हणजे ग्राहक कोर्टात तुला कुणी उभं करणार नाही. तिकडे लग्नवाल्यांनी ३० हजार अडवलेत आणि वर माझ्यावरच केस करू म्हणतायत. ताई, काय करू, का गप विकून टाकू कॅमेरा?

दादा, सगळ्यात आधी एक काम करा, त्या कॅमेऱ्याने आता एकही क्लिक मारू नका. सीझन आहे, ऑर्डरी आहेत, शटर कधी चालतं कधी अडकतं म्हणून तुम्ही ओढूनताणून वापरत असाल तर आजपासून बंद, पुढच्या लग्नांना भाड्याने बॉडी घ्या आणि भाड्याची पावती ठेवा. कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की एका लग्नात तीन-चार हजार क्लिक होतात तर हे ४६ हजार तुमचेच कशावरून नाहीत. तुम्ही जितका वापराल तितका आजचा आकडा फुगणार आणि तितका त्याचा मुद्दा बळकट होणार. शिवाय विक्रीच्या कायद्यात, म्हणजे १९३० च्या माल विक्री अधिनियमात, माल आपलाच समजून वापरत राहिलं तर तो स्वीकारला असा अर्थ निघतो. म्हणून दोष कळल्याबरोबर तुम्ही लेखी कळवलंत आणि वापर थांबवलात हे कागदावर दिसलं पाहिजे.

आता तो काउंटरवरचा फोटो. दादा, तुमची अर्धी केस त्या एका फोटोत आहे, खरंच सांगते. तुम्ही लिहिलंय की त्यात काचेचं शोकेस दिसतं आणि मागे दुकानाचा बोर्ड अर्धा आलाय. त्याच फाइलच्या पोटात तारीख, वेळ, बॉडीचा सिरियल नंबर आणि शटर काउंट आहे, आणि यूपीआयचा मेसेज त्यानंतर वीस मिनिटांनी आलाय, म्हणजे पैसे द्यायच्या आधीच कॅमेरा हजारो वेळा वाजलेला होता हे एका जागी सिद्ध होतं. कारखान्यातून आलेल्या बॉडीत टेस्टिंगचे थोडेफार क्लिक असतात हे कुणीही मान्य करेल, पण ४६ हजार कुठून येणार? या वर्गातल्या बऱ्याच बॉडींचं शटर दीड-दोन लाख क्लिकसाठी टेस्ट केलेलं असतं, म्हणजे त्यातला चांगला मोठा हिस्सा कुणीतरी आधीच वापरून झालाय.

पण ही फाइल तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत, आणि तशी पाठवली की फोटो दाबून लहान होतो आणि आतली ही सगळी माहिती उडते. मूळ फाइल ज्या कार्डवर आहे ते कार्ड काढून घ्या, कडेची छोटी लॉकची पट्टी खाली ओढा म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही, पाकिटात घालून ठेवून द्या. कार्ड फॉरमॅट झालं असेल तर हार्ड डिस्कवरची पहिली कॉपी सांभाळा, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. तक्रारीसोबत पेन ड्राइव्हवर ती द्यायची आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायचं, त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ग्राहक आयोग, म्हणजे दुकानदार ज्याला ग्राहक कोर्ट म्हणतो तेच, पुराव्याच्या तांत्रिक नियमांत फार अडकत नाही, तरी जोडाच, नंतर वाद नको.

सर्व्हिस सेंटरचं तोंडी बोलणं काही कामाचं नाही. परत जा, लागेल ती तपासणी फी भरा आणि जॉबशीट लेखी घ्या, त्यावर सिरियल नंबर, आत्ताचा शटर काउंट, शटरची स्थिती आणि भारतातली वॉरंटी लागू आहे की नाही, एवढं आलं पाहिजे. दुरुस्ती मात्र करू देऊ नका, पार्ट बदलला की पुरावा गेला. आणि बॉक्स बघा. परदेशातून आलेल्या मालाच्या पॅकिंगवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, देश, महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं, वैधमापन शास्त्राचे २०११ चे नियम आहेत तसे. तुमच्या बॉक्सवर तसलं लेबलच नसेल तर चारी बाजूंनी फोटो काढा, ते ग्रे मार्केटच्या, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेल्या मालाचं ठळक लक्षण. नवीन बॉडी घेणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, सील फोडायच्या आधी हे लेबल वाचत जा.

आता मुख्य मुद्दा, ज्याने दुकानदार तुम्हाला घाबरवतोय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ चं उपकलम ७. व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक नाही असं त्यात लिहिलंय हे खरं, पण खालच्या स्पष्टीकरणात असंही आहे की केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. दुकानदार अर्धंच कलम सांगतोय. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे नीट उलगडून सांगितलं, स्वतः चालवून पोट भरायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. तुमच्यासोबत मावसभाऊ फ्लॅश धरायला येतो, तो या निकालात बसतो, काळजी नको. माझ्या मते रिक्षावाल्याला रिक्षा तशी लग्नाच्या फोटोग्राफरला बॉडी, यात खरं तर वाद व्हायलाच नको, पण कॅमेऱ्याच्या किमतीचा आकडा बघून लोक दबतात आणि दुकानदार नेमका त्याचाच फायदा घेतात, याचा मला मनापासून राग येतो.

हां, पण तक्रारीत हे स्पष्ट शब्दांत लिहिलं पाहिजे. पुष्कळ चांगल्या तक्रारी इथेच मार खातात, वकील कॅमेऱ्याचं सगळं लिहितो आणि उपजीविकेचं एक वाक्य राहून जातं. लिहायचं काय, तर मी एकटा मालक, स्टुडिओ माझ्या नावावर, कॅमेरा मी स्वतः चालवतो, घर याच कमाईवर चालतं, दुसरा उत्पन्नाचा मार्ग नाही. सोबत गुमास्ता, आयटी रिटर्न, ऑर्डरच्या डायरीची दोन-चार पानं. तुमचा जीएसटी नंबर नाही असं तुम्ही लिहिलंय, ते इथे बरंच झालं, कॅमेऱ्याचा इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतला म्हणून तुम्ही मोठे व्यापारी असा मुद्दा त्यांना काढता येणार नाही. २०२४ मध्ये एका चिट फंडाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की व्यापारी हेतू होता हे दाखवायची जबाबदारी विकणाऱ्यावर किंवा सेवा देणाऱ्यावर, मात्र त्याने ते दाखवलं की उपजीविकेसाठीच होतं हे आपण दाखवायचं. म्हणून कागद आधीच तयार ठेवा.

जुना, वापरलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, कलम २(४७) मध्ये हे सरळ लिहिलंय, त्यासाठी वेगळं काही खेचून आणायची गरज नाही. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा, आणि दोष असलेला माल परत न घेणं हीसुद्धा, बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत घ्यायचा असतो. त्यामुळे दुकानदाराने बिलाऐवजी दिलेल्या एस्टिमेटच्या कागदावर छापलेलं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य वाचून हातपाय गाळू नका, फसवून विकलेल्या मालाला ते वाक्य वाचवत नाही.

तुमची खरी कमजोर बाजू हा कागदच आहे. त्यावर फक्त ‘कॅमेरा बॉडी १,२५,०००’ एवढंच, सिरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही, एक्स्चेंजचा उल्लेखच नाही. म्हणजे ४० हजाराच्या तुमच्या जुन्या वस्तू हवेत गेल्या असं तो म्हणू शकतो. पण तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये त्याचाच मेसेज आहे, ‘पुरानी बॉडी और दोनो लेन्स का ४० पकडता हूँ, बाकी सव्वा लाख’, आणि त्याखाली ‘सीलपॅक नया है, शादी सीझन आराम से निकालो’. ही दोन वाक्यं सोन्यासारखी जपा. पहिल्याने पूर्ण १ लाख ६५ हजार दिल्याचं दिसतं, दुसऱ्याने नवा म्हणून विकला आणि लग्नासाठी घेतोय हे त्याला माहीत होतं असं दोन्ही दिसतं. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आणि तो फोन बदलू नका. जुन्या बॉडीचं मूळ बिल घरात असेल तर तेही काढा.

तक्रार कुठे? मुंबईला खेटे मारायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे तुमच्यासाठी सांगली. कागदावर ‘मुंबई न्यायक्षेत्र’ छापलंय त्याने हा हक्क जात नाही. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत म्हणून फी काहीच नाही, मुदत दोन वर्षांची आणि तुम्हाला तर आत्ताच कळलंय. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी तेवढ्यानेच दुकानदार बोलायला येतो. नोटीस बंधनकारक नाही पण मी पाठवतेच, १५ दिवसांची, स्पीड पोस्टने आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरही. मागायचं काय, तर पूर्ण १ लाख ६५ हजार व्याजासकट, तपासणीचा आणि भाड्याच्या बॉडीचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. सीझनचं नुकसान म्हणून पाच-सात लाख लावू नका, कागदाशिवाय ते टिकत नाही आणि उलट तुमचा धंदा मोठा आहे असं चित्र तयार होतं. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते मनाशी धरून चला.

नोटीस गेली की त्याचा फोन येईलच, ‘कॅमेरा घेऊन ये, बदलून देतो’. नुसता नेऊन देऊ नका. एकदा बॉडी त्याच्या हातात गेली की तुमच्याकडे काय राहिलं? आधी लेखी घ्या, कुठल्या सिरियल नंबरची बॉडी, का परत घेतोय, बदल्यात काय देतोय आणि कधी, सही-शिक्क्यासकट, मग पैसे खात्यात जमा झाल्यावरच द्या. दुसरी बॉडी देणार असेल तर पक्क्या टॅक्स इनव्हॉइससह, आणि तिचा काउंट तिथेच उघडून बघून. २० हजार घे आणि मिटव म्हणाला तर नाही म्हणा.

आणि गप विकून टाकायचं तर मनातूनच काढून टाका. तुम्हाला आता सगळं माहितीये, हे लपवून दुसऱ्या एखाद्या नवशिक्या पोराला विकलात तर जे तुमच्याशी झालं तेच तुम्ही त्याच्याशी केलंत, आणि कायद्याच्या नजरेत फसवणूक करणारे तुम्ही ठराल. शिवाय हा वापरलेला पीस कुणाकडून आला हे आपल्याला माहीत नाही, चोरीचा निघाला तर विकणारे म्हणून चौकशीत पहिलं नाव तुमचं. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा लगेच नोंदवतील याची खात्री देत नाही, बरेचदा दिवाणी वाद म्हणून बाजूला ठेवतात, पण अर्ज दिल्याची तारीख रेकॉर्डवर राहते.

राहिले लग्नवाले. इथे तुम्ही सेवा देणारे आहात आणि तोच कायदा तुम्हालाही लागू, दुकानदाराने फसवलं हे त्यांना दाखवायचं उत्तर नव्हे, त्यांनी पैसे तुम्हाला दिलेत. पोरीच्या लग्नातले अक्षता ते मंगळसूत्र हे फोटोच नाहीत म्हटल्यावर त्या माणसांना काय वाटलं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जे आहे ते सगळं आधी देऊन टाका, बाकीचे पैसे मिळेपर्यंत फोटो अडवून ठेवू नका, ते फार वाईट दिसतं आणि आयोगात तर अजूनच. मावसभावाने मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओतून फ्रेम काढून द्या. घरी जाऊन भेटा, झालं ते खरं सांगा, ३० हजारातली रक्कम किती सोडायची ते समोरासमोर ठरवा, आणि ठरलं की साध्या कागदावर का होईना लिहून दोघांच्या सह्या घ्या, अमुक कार्यक्रमाचे फोटो कॅमेऱ्याच्या बिघाडाने आले नाहीत म्हणून इतकी रक्कम सोडली, आता वाद नाही. त्याची झेरॉक्स सांगलीच्या तक्रारीला जोडायची, तो आकडा आपण दुकानदाराकडून मागणार आहोत.