‘येते हं’ म्हणून गेलेली ताई

‘पोर लहान आहे, त्याला मरणाचं सांगायचं का? आणि सांगायचं तर कोणत्या शब्दांत?’ मी लहान मुलांच्या मनाशी काम करते; हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे सारखे येत असतात. कुणाचे आजोबा गेलेले असतात, कुणाच्या वर्गातलं मूल. बहुतेकांनी तोवर मुलाला काहीतरी सांगूनही टाकलेलं असतं: आजोबा गावाला गेलेत, देवाघरी गेलेत, त्यांची चांदणी झालीय. मग ते थाप निस्तरायला आलेले असतात. अशा वेळी मला एक घर हमखास आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते आणि नावं घेत नाही.

सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. मुलगा सहा वर्षांचा, जन्मापासून ऐकू न येणारा. अडीच वर्षांचा असताना सरकारी योजनेतून त्याचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे शस्त्रक्रियेनं ऐकण्याचं यंत्र आत बसवलं; त्याचा बाहेरचा, काढता येणारा भाग कानामागे चुंबकानं चिकटतो. शस्त्रक्रिया झाली की मूल बोलायला लागतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. यंत्र आवाज पोचवतं, पण त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूला पहिल्यापासून शिकावं लागतं. हे शिकवणारं माणूस जवळपास मिळालं नाही, तर महागडं यंत्र कपाटात पडून राहतं.

या गावाला ते माणूस मिळालं होतं. वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी घेऊन ती मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. ती सोडून गावी परतली आणि एका दुकानाच्या वरच्या खोलीत केंद्र काढलं. चोवीस-पंचवीस मुलं होती. पैसे कोण किती देतं याची वही होती म्हणे, पण ती कुणी उघडलेली पाहिली नाही. मी तिच्याकडे दोन-तीन मुलं पाठवली होती, तेवढीच आमची ओळख. फोनवर भरभर बोलायची. मुलांसमोर मात्र एकेक शब्द सावकाश, गाण्यासारखा.

तिच्या तासाची सुरुवात ठरलेली. भरतकामाच्या रिंगवर पातळ कापड ताणून ती तोंडासमोर धरायची, म्हणजे मुलानं ओठ वाचू नयेत आणि आवाजही दबू नये. मग एकेक ध्वनी: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग यांनी सुचवलेली ही सहा ध्वनींची चाचणी. भारदस्त ‘म’पासून बारीक ‘स’पर्यंत बोलण्यातले सगळे पट्टे यात येतात. ऐकू आलं की मुलानं वाटीत एक चिंचोका टाकायचा. ‘स’ला चिंचोका पडला नाही, तर यंत्रात काहीतरी बिघडलंय हे तिथल्या तिथे कळतं.

एका पावसाळी शुक्रवारी तास संपवून ती घरी निघाली आणि दुचाकीच्या अपघातात गेली. वय एकोणतीस.

मुलाची आई माझ्याकडे आली ती पाच आठवड्यांनी. घरात सगळ्यांनी मिळून ‘ताई गावाला गेलीय’ असं ठरवलं होतं. मंगळवार-शुक्रवार चार वाजले की मुलगा चप्पल घालून दारात उभा राहायचा.

“पण मॅडम, त्याचं तसं बरं चाललंय,” ती म्हणाली. “पूर्वी मशीन घालायला रडायचा, काढून फेकायचा. आता दिवसभर काढत नाही. फक्त रात्रीही काढू देत नाही. आंघोळीलाही नाही. कानामागे लाल झालंय बघा.”

मोबाईलवरचा फोटो तिनं दाखवला. चुंबकाची चकती बसते तिथली कातडी सोलवटली होती. ‘बरं चाललंय’ म्हणताना तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता, नाहीतर ती दोन एसट्या बदलून आली नसती.

पुढच्या भेटीत मुलगा आला. मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि प्रश्न विचारत राहिले. तो नुसता बघत राहिला. दहा मिनिटांनी लक्षात आलं, उजेड माझ्या पाठीमागून येत होता आणि माझा चेहरा त्याला काळा दिसत होता. ताईनं पाहिलं असतं तर रागावली असती. जागा बदलली, बोलणं थांबवलं, बाहुल्या काढल्या.

त्यानं एक बाहुली दाराशी ठेवली. दुसरीच्या कानाला मातीचा गोळा चिकटवला. मग तो गोळा काढून फेकला आणि दाराशी ठेवलेली बाहुली उचलून खोक्यात बंद केली. पुन्हा गोळा चिकटवला आणि खोक्याकडे बघत बसला. असं चार वेळा.

आईला विचारलं, त्या शेवटच्या शुक्रवारी काय झालं होतं? तिला आठवेना. आठवलं आजीला. त्या दिवशी त्यानं मशीन भिंतीवर फेकलं होतं आणि आजी बोलून गेली होती, “असं करशील तर ताई यायची नाही हो परत!” हे आपण सगळेच बोलतो. माझ्या आजीनंही मला हेच शब्द ऐकवलेत. पण त्यानंतर ताई खरोखरच आली नाही. पोरानं हिशेब मांडला होता: मी फेकलं म्हणून ती गेली, मी एक मिनिटही काढलं नाही तर ती येईल.

म्हणून ‘सांगावं का’ या प्रश्नाला माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. न सांगितल्यानं मुलाचं दुःख टळत नाही. मधली मोकळी जागा ते स्वतः भरतं, आणि पुष्कळदा तिथे स्वतःलाच बसवतं. ऐकू येणारं मूल निदान कुजबुज ऐकतं, शेजारणीचं बोलणं टिपतं. या मुलाला ज्याच्याशी समोर बसून बोलावं तेवढंच कळतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्याला एकट्याला ठाऊक नव्हती.

आता शब्दांचं. मारिया नागी या संशोधिकेनं हंगेरीतल्या मुलांशी मृत्यूबद्दल बोलून 1948मध्ये लिहून ठेवलंय की पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं वाटतं, प्रवासासारखं. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करत नाही, हे बहुतेक मुलांना पाच ते सातच्या दरम्यान उमजू लागतं. आणि आपली मराठी बघा. ‘गेली’ म्हणजे बाजारात गेली आणि ‘गेली’ म्हणजे वारली. त्यातून निरोप घेताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, अशुभ मानतो. ताई दर वेळी दारात वळून म्हणायची, “येते हं.” तो तिच्या शब्दावर विसंबून दारात उभा होता. ‘झोपली’ म्हटलं तर झोपेचीच भीती बसते. ‘देवाघरी’वर माझा राग नाही, ज्या घरात देव आहे तिथे तो शब्द येणारच, पण आधी सरळ गोष्ट सांगून मग.

त्याला ठाऊक असलेला एकच शब्द होता: ‘मेलं’. उन्हाळ्यात कोंबडीचं पिल्लू मेलं होतं, ते त्यानं स्वतः हातात घेऊन पाहिलं होतं. पण आई म्हणाली, “ताईला ‘मेली’ म्हणू? जीभ उचलत नाही, मॅडम.” आजी तर उठूनच गेली. खरंच आहे, माणसाला आपण ‘मेली’ म्हणतो ते शिवी देताना. शेवटी मार्ग निघाला तो ताईच्याच पद्धतीनं: माहीत असलेल्या शब्दाला नवा शब्द जोडायचा. पिल्लू मेलं. माणूस मेलं की म्हणतात, वारलं. ताई वारली.

सांगायचं आईनंच, मी नाही. घरात, सकाळी, टीव्ही बंद, यंत्रात नवी बॅटरी, आईच्या तोंडावर उजेड. आम्ही वाक्यं लिहून काढली होती. “ताईच्या गाडीला अपघात झाला. ताईला खूप लागलं. ताई वारली. आता ती श्वास घेत नाही, तिला दुखत नाही. ती परत येणार नाही. तू मशीन फेकलंस म्हणून नाही. गाडी घसरली म्हणून.” शेवटचं वाक्य आजीनंही म्हणायचं होतं, आणि तिनं ते म्हटलं. “मी खोटं बोलले रे,” हे तिचं स्वतःचं.

तो रडला नाही. खेळायला गेला. आई घाबरून फोनवर म्हणाली, त्याला कळलंच नाही वाटतं. मुलांचं दुःख श्रावणातल्या उन्हापावसासारखं असतं. आत्ता खेळतील, तासाभरानं आईला बिलगतील. रात्री त्यानं विचारलं, “आई वारली?” म्हणजे तूही वारणार का. अशा वेळी ‘मी कध्धीच नाही’ असं वचन देऊ नये. “मी खूप वर्षं असणार आहे, आणि तुझ्याजवळ पप्पा आहेत, आजी आहे,” एवढं पुरतं. मग तो रडला. त्या रात्री त्यानं मशीन काढून डबीत ठेवू दिलं.

पुढचे दोन महिने तेच तेच प्रश्न आले, दोनदा अंथरूण ओलं झालं. हे चालतं, आपणही तेच उत्तर तशाच शांतपणे द्यावं. मात्र सहा महिने उलटूनही मूल खेळत, खात, शिकत नसेल, किंवा मरायचं बोलत असेल, तर वाट पाहत बसू नये. दुसऱ्या बाबतीत तर एक दिवसही नाही. जवळ कुणी नसेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

दिवसकार्याला मुलांना कुणी नेलं नव्हतं. दिवाळीनंतर पालकांनीच केंद्राची खोली उघडली. भाषणं नाहीत, फोटोला हार नाही. एकेका आईनं ती रिंग तोंडासमोर धरली आणि मुलांनी चिंचोके टाकले. आमच्या पठ्ठ्यानं सहाच्या सहा टाकले, ‘स’चासुद्धा. नवीन उपचारतज्ज्ञ आता आठवड्यातून एकदा कराडहून येते. तिला तो ताई म्हणत नाही, मॅडम म्हणतो.

आमच्या शेवटच्या भेटीला आजी त्याला घेऊन आली होती. निघताना तो दारात वळून मला म्हणाला, “जातो.”

“अरे, जातो म्हणू नये,” आजी म्हणाली. “येतो म्हणावं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. “परत यायचंय?”

“नाही रे, आता नाही,” आजी म्हणाली.

“मग जातो,” तो म्हणाला, आणि जिना उतरायला लागला.