रिकाम्या जागेचे शिल्प

प्रश्न : शिल्प वस्तूचे असते, मग घरातल्या रिकाम्या जागेचे शिल्प कसे घडवता येईल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांनी ते ‘हाउस’ (घर) या शिल्पात घडवले. पूर्व लंडनमधील ग्रोव्ह रोडवरच्या जुन्या घरांच्या रांगेतील उरलेल्या एका घरात त्यांनी भिंतींना आतून काँक्रीटचा जाड थर दिला आणि तो घट्ट झाल्यावर बाहेरच्या विटा उतरवून टाकल्या. १९९३च्या ऑक्टोबरमध्ये जे उभे राहिले, ते घर नव्हते. माणसे ज्या पोकळीत वर्षानुवर्षे वावरली, त्या पोकळीचा तो ठसा होता. भिंतीत आत असलेली शेकोटीची जागा फुगवट्यासारखी बाहेर आली होती, आणि ज्या भिंतींना पाठ टेकून कुणी बसले असेल, त्यांची खोलीकडची बाजू रस्त्यावरून दिसत होती. घर बदलताना, सामान हलवल्यावर भिंतीवर तसबिरीच्या जागी राहिलेला गडद चौकोन पाहून ज्यांचा पाय उंबऱ्यात अडखळला आहे, त्यांना हे शिल्प अधिक समजावून सांगावे लागणार नाही. त्याच वर्षी टर्नर पारितोषिक हा ब्रिटनमधील समकालीन कलेचा मानाचा पुरस्कार मिळवणाऱ्या व्हाइटरीड या पहिल्या महिला ठरल्या. तरीही ११ जानेवारी १९९४ रोजी ‘हाउस’ पाडले गेले, याची हळहळ मला आजही वाटते.