१६५/८० आर१४ काढून १९५/६५ आर१५ टायर टाकले तर मायलेज आणि पिकअप कमी होईल का?

हो, दोन्ही थोडं कमी होईल, आणि ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये ते मोकळ्या हायवेपेक्षा जास्त जाणवेल. टायरवरच्या आकड्यांतूनच हिशोब निघतो: पहिला आकडा मिमीमधली रुंदी, तिच्या ८० किंवा ६५ टक्के म्हणजे साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची), आणि तिची दुप्पट अधिक रिमचे इंच (आर नंतरचा आकडा) गुणिले २५.४ म्हणजे टायरचा व्यास. जुना व्यास ६१९.६ मिमी, नवा ६३४.५, म्हणजे २.४ टक्के मोठा. गिअरिंग तेवढंच लांबतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते आणि पिकअप मंदावतो. काट्यावर ८० असताना गाडी आधीपेक्षा सुमारे २ किमी जास्त वेगात असेल. ओडोमीटरही कमी मोजेल, म्हणून मायलेज काढताना किलोमीटरला १.०२४ ने गुणा. नाहीतर घट आहे त्याहून मोठी दिसेल आणि उगाच मेकॅनिकला दोष द्याल.

खरी मार बसते ती रुंदी आणि वजनाची. ३० मिमी जादा रबर, त्यात रिम जड निघाली तर माजिवड्याच्या प्रत्येक सिग्नलला ते वजन पुन्हा फिरवायला पेट्रोल जातं. बदल्यात ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग सुधारेलच असं नाही. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

मात्र १८५/६५ आर१५ घेतलात तर व्यास ६२१.५ मिमी, फरक नगण्य. तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीच हा साइज देत असेल तर बिनधास्त घ्या. फक्त लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर लायनरला (चाकावरच्या कमानीतल्या आतल्या आवरणाला) घासत नाही ना, ते दुकानातच बघा.