पश्चिमी चक्रवात, झंझावात की विक्षोभ? आणि वरून पडतो तो बर्फ की हिम?

प्रश्न असा आला आहे: 'जानेवारीत आईबाबांना घेऊन मनालीला जायचं ठरलंय. परवा बातमी वाचली, "पश्चिमी चक्रवातामुळे काश्मीर, हिमाचलात बर्फवृष्टीचा इशारा". बाबा म्हणाले, चक्रीवादळ येतंय, तिकिटं रद्द कर. दुसऱ्या पेपरात "पश्चिमी झंझावात" होतं, हिंदी वाहिनीवर "पश्चिमी विक्षोभ". यातला बरोबर शब्द कोणता? आणि बर्फवृष्टी म्हणायचं की हिमवृष्टी?'

आधी बाबांची काळजी मिटवू. चक्रीवादळ येत नाहीये. हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, हवामान खात्याच्या इंग्रजीत जिला 'वेस्टर्न डिस्टर्बन्स' म्हणतात तिचे. माझं मत 'पश्चिमी विक्षोभ' या शब्दाला. का ते कळायला ती गोष्ट मुळात काय आहे हे बघावं लागेल.

हिवाळ्यात उत्तर भारताच्या डोक्यावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा सतत वाहत असतो. पाटाचं पाणी एका लयीत वाहतं आणि मध्येच कुठे तरी त्याला हेलकावा बसतो, तसा या प्रवाहाला भूमध्य समुद्राच्या, कॅस्पियनच्या बाजूला हेलकावा बसतो. तो प्रवाहाबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येतो. वाटेत समुद्रांवरची ओल उचलतो, बऱ्याचदा अरबी समुद्राचीही. पुढे पीर पंजाल, धौलाधार या रांगा आडव्या येतात. ओली हवा डोंगर चढते, चढता चढता गार होते, मग उंचावर हिम पडतं आणि खाली पाऊस. डिसेंबर ते फेब्रुवारीत महिन्याला साधारण ४ ते ६ असे हेलकावे येतात. एखादा नुसते ढग दाखवून जातो, एखादा दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो.

आता शब्द. 'चक्रवात' म्हटलं की मराठी माणसाला चक्रीवादळच आठवणार, त्यात बाबांची काहीही चूक नाही. हिंदीत समुद्रावरच्या चक्रीवादळाला चक्रवातच म्हणतात. शाळेच्या भूगोलात आपण अशा चक्राकार वाऱ्यांची 'आवर्त' आणि 'प्रत्यावर्त' ही नावं शिकलो. या हेलकाव्याच्या पोटात चक्राकार वारे तयार होतात हे खरं, पण म्हणून सगळ्याला चक्रवात म्हणणं म्हणजे कोकणातल्या माणसाला उगाच घरावरचे पत्रे बांधायला लावणं.

'झंझावात' हा शब्द मला मनापासून आवडतो. संस्कृतात झंझा म्हणजे पावसासह येणारा वारा, म्हणजे मूळ अर्थाने तो फारसा चुकलेला नाही. पण मराठीत त्याचं आयुष्य वेगळंच झालंय. नेत्यांचा झंझावाती दौरा असतो, प्रचाराचा झंझावात असतो, शेवटच्या षटकांत फलंदाजाची झंझावाती खेळी असते. वेग आणि दणका, एवढंच आता त्यात ऐकू येतं. डोंगरातला हिमाचा दिवस बहुतेक वेळा अगदी उलटा असतो. आभाळ खाली येतं, वारा पडतो, आणि सगळं मुकाट्याने सुरू होतं.

राहिला विक्षोभ. 'हा हिंदीतून उचललेला, आणि क्षोभ म्हणजे तर राग' असा आक्षेप घेतात. जनक्षोभ, प्रक्षोभक भाषण यांमुळे तो अर्थ आपल्या कानात बसलाय खरा. पण 'क्षुभ्' या धातूचा मुळातला अर्थ ढवळून निघणं, हलून जाणं असा आहे. क्षुब्ध सागर म्हणजे ढवळलेला, खळबळलेला सागर. राग नंतर आला. स्थिर प्रवाहात उठलेली खळबळ, हेच तर सांगायचंय. आणि शब्द संस्कृत आहे, त्यावर हिंदीचा जितका हक्क तितकाच आपला. अवघड वाटत असेल तर पहिल्यांदा लिहिताना पुढे चार शब्दांत अर्थ द्यावा. दोन हिवाळ्यांत तो रुळेल.

'काश्मीरच्या हवेचं आम्हाला काय' असंही कुणी म्हणेल. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. बातम्या लिहितात, 'पश्चिमी चक्रवातामुळे थंडी वाढणार', आणि हे अर्धवट आहे. विक्षोभ येतो तेव्हा ढग असतात, रात्रीची ऊब ढगांखाली अडकते आणि किमान तापमान उलट चढतं. तो पुढे सरकला, आभाळ निवळलं, की हिमावरून आलेले उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. त्यातला जोरदार झोत खाली महाराष्ट्रापर्यंत पोचला की निफाडचा पारा उतरतो आणि बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. म्हणजे थंडी विक्षोभामुळे नाही, त्याच्या पाठीमागून येते. आणि पुणेकर तर शिवाजीनगरच्या वेधशाळेला अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, १९४४ साली दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला आणि बसथांब्याला चिकटून राहिलं.

आता बर्फ की हिम. 'बर्फवृष्टी'वर काहींचा राग एवढ्यासाठी की फारसी शब्दाला संस्कृत शेपूट लावलंय. हे कारण मला पटत नाही. 'गैरसमज'सुद्धा असाच जोडशब्द आहे आणि त्यावाचून आपला एक दिवस जात नाही. गंमत म्हणजे फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारं हिमच; गोठलेल्या पाण्याच्या ढेपेला तिथे 'यख' म्हणतात. आपल्याकडे हिम पडत नाही, त्यामुळे आपण तो शब्द लादीला लावला. बर्फाची लादी, बर्फाचा गोळा, सरबतातला बर्फ. म्हणून 'बर्फवृष्टी' वाचल्यावर ज्याने हिम पाहिलेलं नाही त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी टणक, गारांसारखं येतं.

उत्तराखंडातल्या औलीला मी पहिल्यांदा हिम पडताना पाहिलं तेव्हा माझ्याही मनात गाराच होत्या. संध्याकाळी काळ्या स्वेटरच्या बाहीवर पिठाच्या कणीसारखं काही येऊन बसलं. जवळ नेऊन पाहिलं तर सहा पाकळ्यांची नक्षी, आणि श्वास लागताच पाणी. आवाज काहीच नाही. गारा पत्र्यावर ताशा वाजवतात, हे भुरभुरत होतं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या गढवाली काकू दारातून बाहेर पाहून एकच शब्द बोलल्या, 'ह्यूं'. गढवालीत हिमाला ह्यूं म्हणतात आणि हिवाळ्याला ह्यूंद. हा शब्द 'हिम'चाच, आणि आपलं 'हिंव' त्याचं सख्खं भावंड. हिवाळा, हिवताप, अंगात हिंव भरणं, सगळी एकाच घरची. त्यांच्या वाट्याला हिम आणि थंडी दोन्ही आली, आपल्याकडे नुसती थंडी उरली. तेव्हापासून मी लिहिताना 'हिमवृष्टी' लिहितो. बोलताना 'बर्फ पडतोय' म्हणायला काहीच हरकत नाही, मीही म्हणतो.

'वृष्टी'त मात्र एक उणीव आहे. वृष्टी थांबली की संपली असं वाटतं, आणि हिमाचं खरं प्रकरण पडून झाल्यावर सुरू होतं, ते साचतं. म्हणून पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात आणि हिम सेंटिमीटरमध्ये, थराच्या जाडीत. भुसभुशीत हिमाचा १० सेंटिमीटरचा थर वितळला तर पाणी साधारण १ सेंटिमीटरच भरतं. पाण्याच्या हिशेबाने किरकोळ, पण रस्ता बंद करायला पुष्कळ. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी हिम बघायला आलेल्या लोकांच्या गाड्या रात्री रस्त्यावरच हिमात अडकल्या आणि २० हून अधिक माणसं गेली. म्हणून अंदाज मराठीत देताना 'हिमवृष्टी होईल' एवढ्यावर थांबू नये, 'अमुक जाडीचा थर साचेल' हेही लिहावं.

आणि एक. दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे फोटो 'महाबळेश्वरात बर्फवृष्टी' म्हणून फिरतात. तिथे वरून काहीच पडलेलं नसतं. निरभ्र, निवांत रात्री गवत आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त गार होतं आणि त्यावरचं दव गोठतं. त्याला 'दव गोठलं' म्हणावं, फार तर 'हिमकण' म्हणावं, वृष्टी नाही.

तर तुमच्या बातमीतली ती ओळ मी अशी लिहिली असती: 'पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्यांतल्या खळबळीमुळे, काश्मीर आणि हिमाचलात हिमवृष्टीची शक्यता, उंच भागांत हिम साचून रस्ते बंद होऊ शकतात.' बाबांना ही ओळ वाचून दाखवा. तिकिटं ठेवा, परतीला एक दिवस हाताशी राखा, आणि मनालीच्या पुढे जाणार असाल तर तिथल्या अटल बोगद्याचा रस्ता चालू आहे का ते निघायच्या सकाळी विचारा.