अतिक्रमण: 'चे' की 'वर'?

प्रश्न असा आहे: शेजाऱ्याने कुंपण सरकवून आपली जागा घेतली, तर त्याने 'आक्रमण' केले म्हणावे की 'अतिक्रमण'? आणि हक्कांच्या बाबतीतही 'अतिक्रमण' चालते का?

जागेसाठी अतिक्रमणच. दोन्ही शब्द 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणे, या धातूचे; पराक्रम, संक्रमण, त्रिविक्रम हेही त्याचेच. 'आ' लागला की चाल करून जाणे, 'अति' लागला की हद्द ओलांडणे. आक्रमण उघड आणि बळाने होते. अतिक्रमणाला बळ लागतेच असे नाही. ओटा वीतभर पुढे आणला तरी ते झाले.

संस्कृतात अतिक्रमण म्हणजे नुसते ओलांडणे, म्हणून 'मर्यादेचे अतिक्रमण'. मराठीत 'जमिनीवर अतिक्रमण' रूढ झाले आणि अर्थ पुढे सरकला: ओलांडून पलीकडे ठाण मांडणे. जी रेषा ओलांडली तिला 'चे', जी वस्तू बळकावली तिला 'वर'. 'जमिनीचे अतिक्रमण' कानाला खटकते ते यामुळेच. आता तर बांधकामालाच अतिक्रमण म्हणतात: 'अतिक्रमणे हटवली'.

कायद्यात मात्र या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 50 सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाचे. तिथे मुद्दा अनधिकृत ताब्याचा. भारतीय दंड संहितेच्या कलम 441 मधले (आता भारतीय न्याय संहिता, कलम 329) 'फौजदारीपात्र अतिक्रमण' वेगळे. त्यात नुसता प्रवेश पुरत नाही. गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा उद्देश लागतो. रीतसर आत आलेला माणूस त्या उद्देशाने बेकायदा थांबून राहिला, तरी तेही अतिक्रमणच. म्हणून तक्रारअर्जात 'अतिक्रमण केले' एवढ्यावर थांबू नये. कोणता गट क्रमांक, कोणती बाजू, किती चौरस मीटर, भिंत की शेड, हे लिहावे. शेताच्या हद्दीबद्दल तर 'बांध कोरला' हे जास्त नेमके.

'हक्कांवर अतिक्रमण' चालते, पण एकाचा अधिकार दुसरा स्वतःच वापरू लागला तर. हक्क धुडकावला तर पायमल्ली, हिरावला जाऊ लागला तर गदा, बजावताना अडथळा आला तर बाधा. 'हक्कभंग' जपून वापरावा. विधिमंडळाच्या विशेषाधिकारांचा भंग या अर्थाने तो पक्का झाला आहे.