स्टेपनी पेलणारी बिजागरी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आली आहे. खडकाळ रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं दार लटकतं, खडखडतं आणि शेवटी नीट लागतच नाही. त्यावर दणकट बिजागरी घरी बनवता येईल का, असं बहुतेकांनी विचारलंय. बनवता येते. ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन हाताशी हवं, आणि लेथवरचं थोडं काम टर्नरकडून करून घ्यायची तयारी हवी.

प्रश्न : माझ्या गाडीचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्यावरच स्टेपनी आहे. मोठे टायर बसवल्यापासून दार लॉककडच्या बाजूला खाली बसलंय, उचलून लावावं लागतं. मूळ बिजागरीची पिन ८ मिमीची आहे. २० मिमीची पिन घालून नवी बिजागरी केली तर दार पुन्हा खाली बसणार नाही ना?

उत्तर : नुसती पिन जाड केलीत तर दार पुन्हा खाली बसेल. आधी हिशोब बघा. दाराचं वजन २८ किलो धरू आणि त्याचा भार पिनपासून ४५ सेंमीवर. स्टेपनी ३५ किलोची, ती ५० सेंमीवर. दोन्हींचा मिळून दार फिरवू पाहणारा जोर (वजन गुणिले मीटरमधलं अंतर) झाला साधारण ३०. तुमच्या दोन बिजागऱ्यांत ३० सेंमी अंतर असेल, तर गाडी उभी असतानाही वरची बिजागरी १०० किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत रेटली जाते. खड्ड्यात गाडी आदळली की हाच जोर सहज तिप्पट होतो. आता बिजागऱ्या ६० सेंमी अंतरावर बसवा. तेच १०० किलो ५० वर येतात, तेही एक ग्रॅम लोखंड न वाढवता.

पिन तुटण्याची काळजी तर सोडूनच द्या. १२ मिमीची साधी पोलादी पिन कापली जायला टनापेक्षा जास्त जोर लागतो. पिन जाड घ्यायची ती झिजेसाठी. व्यास आणि लांबी जास्त असेल तर भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि भोक लवकर लंबगोल होत नाही. १६ मिमीची पिन आणि ५० मिमी लांबीची बुश (पिन जिच्या आत फिरते ती बदलता येणारी धातूची बाही) या कामाला भरपूर झाली.

झिजेच्या बाबतीतही अंतरच कामाला येतं. दोन्ही बिजागऱ्यांत मिळून अर्धा मिमी खेळ झाला आणि अंतर ३० सेंमी असलं, तर ९० सेंमी लांबच्या लॉकपाशी दार दीड मिमी खाली येतं. अंतर ६० सेंमी असेल तर पाऊण मिमीच. तेव्हा दाराच्या चौकटीत जेवढं अंतर मिळेल तेवढं घ्या.

सैन्याच्या विलिस एमबी जीपला मागे उघडणारं दार नव्हतंच, स्टेपनी मागच्या पत्र्यावर असायची. १९४५ साली तिची नागरी आवृत्ती सीजे-२ए आली, तिला मागे टेलगेट, म्हणजे खाली उघडणारा फाळका, मिळालं आणि स्टेपनी बाजूला गेली. हलतं दार आणि जड चाक वेगळं ठेवणं हाच आजही सगळ्यात सुखाचा मार्ग. टायर खूपच मोठा असेल तर चाकासाठी चासीवरून (गाडीच्या खालच्या सांगाड्यावरून) स्वतंत्र फिरता हात करा आणि दाराला मोकळं करा.

प्रश्न : बिजागरीची मापं आणि बनवण्याचा क्रम सविस्तर द्याल का? माझ्या पहिल्या जोडीत वेल्डिंगनंतर पिन आतच जाईना, ठोकून बसवली तर दार हलेना.

उत्तर : तुमच्याकडून क्रम उलटा झाला. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी आक्रसते आणि थोडी वाकडीही होते, म्हणून भोकाचं शेवटचं माप नेहमी वेल्डिंगनंतर काढायचं.

एका बिजागरीला लागतं ते असं. २८ मिमी बाहेरचा आणि साधारण साडेएकोणीस मिमी आतला व्यास असलेली, जोड नसलेली नळी, ५० मिमी लांब. दाराला लागणाऱ्या बिजागरीच्या हातासाठी ५० × ८ मिमीची पट्टी, लांबी दाराच्या आतल्या फ्रेमपर्यंत पोचेल एवढी, बहुधा २०० ते २५० मिमी. बॉडीच्या बाजूला ६ मिमीची बैठक (बॉडीला टेकणारी सपाट पट्टी) आणि तिच्यावर ८ मिमी जाडीचे दोन कान, म्हणजे पिनसाठी भोक असलेल्या उभ्या पट्ट्या. नळी या दोन कानांच्या मध्ये बसते, म्हणजे पिन दोन्ही टोकांना धरली जाते. एकाच टोकाला धरलेली पिन वाकते, ती रचना या वजनाला नको. शिवाय फॉस्फर ब्राँझची एक बुश आणि त्याच धातूचे २ मिमीचे दोन वॉशर.

नळी हाताला वेल्ड करा आणि पूर्ण थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. मग टर्नरकडून नळीचं भोक २० मिमीला रीम करून, म्हणजे रीमर फिरवून नेमक्या मापाचं, करून घ्या. बुशचा बाहेरचा व्यास त्याहून ०.०३ मिमी जास्त ठेवायला सांगा आणि ती व्हाइसमध्ये दाबून बसवा. हातोडीने ठोकलीत तर तिची कड पसरते. दाबल्यावर बुशचं आतलं भोक थोडं आवळतं, म्हणून १६ मिमीचा रीमर त्यानंतर फिरवायचा. पिन आणि बुशमध्ये ०.०५ ते ०.०८ मिमी मोकळीक राहिली पाहिजे. तेल मुरवलेली सच्छिद्र बुश मिळते, पण ती रीम केली की छिद्रं बुजतात आणि तिचा उपयोगच जातो. इथे भरीव ब्राँझच घ्या.

कानांमधली जागा ५४.३ मिमी ठेवा : ५० ची नळी, दोन्हीकडे २-२ चे वॉशर आणि ०.३ ची मोकळीक. कान बैठकीला जोडताना ५४.३ चा भरीव ठोकळा मध्ये आवळून ठेवा, नाहीतर वेल्डचे टाके मारताच कान एकमेकांकडे झुकतात.

आता खरी कसोटी, दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत आणणं. एक मीटर लांब १६ मिमीचा सरळ ब्राइट बार (नेमक्या मापाची गुळगुळीत पोलादी सळई) दोन्ही बिजागऱ्यांतून एकदम आरपार घाला. काचेवर लोळवून बार सरळ आहे याची खात्री आधीच करून घ्या. बार आत असतानाच बैठकी गाडीवर आवळा आणि भोकांच्या खुणा करा. बार काढून पिना घातल्यावर दार एका बोटाने पूर्ण फिरलं पाहिजे. ते एका ठरावीक कोनात जड होत असेल तर रेषा चुकली आहे. तिथे ग्रीसचा मारा करू नका, बैठकीखाली अर्ध्या मिमीचा शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून बघा.

पिन कधीही वेल्ड करू नका. ब्राइट बार ईएन-८ या जातीच्या पोलादाचा असेल तर त्यात कार्बन जास्त असतो, वेल्डशेजारी तो ठिसूळ होतो आणि तडकतो. ८.८ दर्जाच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टचंही तसंच. एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) ठेवा. पिन कानांत फिरू नये म्हणून डोक्याची एक बाजू सपाट घासून तिच्याशेजारी छोटी पट्टी बोल्टने बसवा. पिन कानांत फिरायला लागली तर झीज ब्राँझमध्ये न होता कानाच्या भोकात होते, आणि कानाला बदलायची बुश नसते.

प्रश्न : बिजागरी भक्कम आहे, पण तिच्या भोवतीचा बॉडीचा पत्रा फाटतोय. फाटलेलं वेल्ड केलं की शेजारी पुन्हा चीर पडते.

उत्तर : या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. आठ मिमीचं लोखंड एक मिमीच्या पत्र्यावर बसवलं की बिजागरी दणकट होते आणि पत्रा तिचा बळी ठरतो. पूर्वी कमकुवत बिजागरी लवचीकपणे झटका खायची. आता तो अख्खा झटका बैठकीच्या कडेवरच्या पत्र्याला बसतो.

बैठकीच्या मागे, पत्र्याच्या आतल्या बाजूने, ३ ते ४ मिमी जाडीची आधारपट्टी हवी आणि ती बैठकीपेक्षा चारही बाजूंनी किमान २५ मिमी मोठी हवी. तिचे कोपरे १०-१२ मिमीच्या गोलाईने घासा. चौकोनी कोपरा जिथे टेकतो तिथूनच चीर सुरू होते. पट्टीची कड स्पॉट वेल्डच्या (पत्रे जोडणाऱ्या ठिपक्यांसारख्या वेल्डच्या) ओळीवर संपू देऊ नका, तिच्या पलीकडे न्या. बोल्ट ८.८ दर्जाचे एम ८ (८ मिमी व्यासाचे), प्रत्येक बैठकीला चार, साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळलेले. पत्र्याच्या मानाने हे बोल्ट फार ताकदवान आहेत, आणखी जाड घेऊन भोकं मोठी करू नका.

खांब पोकळ असेल तर बोल्ट आवळताना तो चेपतो. चेपला की बोल्ट कधीच नीट आवळलेला राहत नाही. खांबाच्या आतल्या मापाचे नळीचे तुकडे कापून बोल्टभोवती घाला, म्हणजे जोर पत्र्यावर न येता नळीवर येईल. मापात अर्धा मिमीही कमी पडला तरी त्या तुकड्याचा उपयोग नाही.

जुन्या चिरेच्या टोकाला आधी ३ मिमीचं भोक पाडा, मगच वेल्ड करा. चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे साचतो. गोल भोकाने तो पसरतो.

प्रश्न : गाडीवरच वेल्ड केलं तर चालेल?

उत्तर : बिजागरी कामाच्या टेबलावर बनवा आणि गाडीवर बोल्टने लावा. फाटलेल्या पत्र्यासाठी गाडीवर वेल्ड करावंच लागलं, तर आधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते पाहा. कित्येक गाड्यांत टाकी मागच्या दाराखालीच असते. तसं असेल तर टाकी उतरवल्याशिवाय ठिणगी नको. बॅटरीच्या तारा काढा, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. जस्ताचा मुलामा असलेला भाग वेल्ड करायचा असेल तर मुलामा आधी घासून काढा, त्याचा पांढरा धूर नाकात गेला तर थंडी वाजून ताप येतो.

प्रश्न : गंजू नये म्हणून पिन आणि बुश दोन्ही स्टेनलेसचे केले. सहा महिन्यांत दार करकरायला लागलं आणि पिन निघेना.

उत्तर : स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि ओरबाडले जातात. पिन स्टेनलेसची राहू द्या, बुश ब्राँझची करा. ग्रीस निपलही (ग्रीस आत भरायचं छोटं तोंड) बसवा, आणि पाण्यातून गाडी काढल्यावर जुनं ग्रीस दोन्ही टोकांनी बाहेर येईपर्यंत पंप मारा. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका, त्याला चिकटलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासते.

प्रश्न : माझ्या गाडीला खाली उघडणारा फाळका आहे. मुक्कामी तो टेबल आणि बाक म्हणून वापरतो. तो काढता येईल अशी बिजागरी हवी.

उत्तर : दोन्ही पिना एकाच दिशेला तोंड करून बसवा, म्हणजे फाळका बाजूला सरकवून काढता येईल. एक पिन दुसरीपेक्षा १० मिमी लांब ठेवा. एकट्याने बसवताना आधी लांब पिन ओवता येते, मग दुसरी. सरकणाऱ्या टोकाला स्प्लिट पिन (भोकात घालून टोकं वाकवायची दुपदरी पिन) हवीच, नाहीतर खडबडीत रस्त्यावर फाळका हळूहळू सरकून निघतो.

बसणाऱ्याचा भार साखळ्यांनी पेलायचा असतो. १०० किलोचा माणूस फाळक्याच्या मधोमध बसला आणि साखळ्या बाहेरच्या कडेला फाळक्याशी ४५ अंशांत असल्या, तर दोन्ही साखळ्यांवर मिळून ७१ किलो ताण येतो. कोन ३० अंशांवर आला की तो १०० किलो होतो. धपकन बसलं की याच्या दुप्पट धरा. साखळीचा वरचा हूक जेवढा उंच बसवाल तेवढं चांगलं.

प्रश्न : दार ९० अंशांच्या पुढे जाऊ नये म्हणून बिजागरीलाच अडथळा वेल्ड केला होता. उतारावर वाऱ्याने दार आदळलं आणि अडथळा उखडला.

उत्तर : तो अडथळा पिनपासून जेमतेम ३० मिमीवर असणार. ९० सेंमी लांबच्या कडेवर वाऱ्याने २० किलो जोर दिला, तरी अडथळ्यावर ६०० किलो येतात. अडथळा पिनपासून किमान ३० सेंमीवर न्या, तिथे तेच ६० होतात. ४० मिमी रुंद नायलॉनचा पट्टा दाराच्या फ्रेमपासून खांबापर्यंत लावा. दार उघडं टिकवायला एक खटकाही द्या. उतारावर सामान काढताना हातावर येणारं दार फार वाईट लागतं.